मथुरा हयात आहे

कादंबऱ्या लिहिणारे या महाराष्ट्रात पायलीला पन्नास निघतील, पण आपल्याच कादंबरीतलं माणूस मेलं म्हणून नेसत्या धोतरानिशी गंगेत बुडी मारून येणारा लेखक माझ्या मावशीच्या यजमानांखेरीज दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. कोणी दाखवून द्यावा, मी त्याच्या घरी जन्मभर पाणी भरीन. पुण्याच्या विद्वानांनी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचं नाव घातलेलं नाही. नका घालू! आमच्या काकांनी त्या इतिहासाची कधी वाट पाहिली नाही, आणि मीही काही कुणाच्या दारात अर्ज घेऊन उभा नाही. मी आपला मला माहीत आहे ते सांगतो. ज्याला हसायचं असेल त्यानं हसावं, मीही पुष्कळ हसलो आहे. फक्त शेवटपर्यंत बसावं एवढीच अट.

तीस सालानंतरची एक-दोन वर्षं असतील. मी नाशकात नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि पंचवटीत मावशीकडे राहत होतो. काका तिथले तीर्थोपाध्ये. रामकुंडावर त्यांची छत्री, छत्रीखाली पाट, आणि घरात फडताळभर नामावळीच्या वह्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: परगावचा यात्रेकरू गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, आला की त्यानं गाव आणि आडनाव सांगायचं, मग त्या गावाचे जे उपाध्ये असतील ते आपली लांबलचक वही उलगडून सांगणार, तुमचे पणजोबा अमुक साली इथं स्नानाला आले होते, त्यांना मुलगे तीन, ही पाहा त्यांची सही. मग यात्रेकरूच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि तोही आपली नवी पिढी खाली लिहून सही ठोकतो. काका आणि त्यांचे थोरले बंधू, आम्ही त्यांना थोरले काका म्हणत असू, दोघांचा हा वडिलोपार्जित व्यवसाय. नांदगाव, चांदवड, पेठ अशी गावं त्यांच्याकडे होती. थोरले काका त्या वह्यांना देव्हाऱ्यातल्या देवांच्या खालोखाल मानत, आणि स्नान केल्याशिवाय त्यांना कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

अशा घरात वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी काकांनी कादंबरी लिहायला घेतली. नुसती घेतली नाही, तर ती माझ्या गळ्यात बांधली. कारण काका लिहीत मोडीत, बोरूनं, आडव्या वहीवर, समासाला जागा न सोडता. आणि छापखान्याला हवं बालबोध. ते उतरवून काढायचं काम भाच्याचं. पहिल्याच दिवशी मी वही घेऊन बसलो तर बारा पानांत एक पूर्णविराम नाही. "काका, विराम कुठं द्यायचा?" असं मी विचारलं. ते म्हणाले, "वाचताना दम लागेल तिथं दे. मला लिहिताना लागत नाही, त्याला मी काय करू?" मी आपला दम लागेल तिथं ठिपके देत गेलो.

बरं, कादंबरी सुरू कुठून व्हावी? दुसरा एखादा असता तर संध्याकाळ झाली, सूर्य मावळला, एक तरुणी खिडकीत उभी होती, असं काहीतरी रीतसर लिहिता. काकांची पहिली तीन प्रकरणं नुसती वंशावळ! नायिका मथुरा, नांदगावच्या कुलकर्ण्यांची मुलगी. पण तिचे निपणजे कुठून आले, त्यांना वतन कुणी दिलं, त्यांच्या धाकट्या भावाचा वंश का खुंटला, हे कळल्याशिवाय मथुरेनं जन्म घेणं काकांना बरं दिसेना. दुसरं प्रकरण उतरवताना मी कंटाळून म्हटलं, "काका, नायिका येणार कधी?" काका शांतपणे म्हणाले, "अरे, अजून तिच्या पणजोबांचं लग्न व्हायचंय. तू त्या मुलीला घाई करू नकोस." ज्या माणसाच्या सात पिढ्या आपल्याला ठाऊक नाहीत त्याच्या तोंडी वाक्य घालायचं म्हणजे भर रस्त्यात अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकण्यासारखं आहे, असं त्यांचं मत होतं. त्या वेळी मला हा शुद्ध वेडेपणा वाटला होता. आज अर्धा वाटतो.

खलनायक हा तर त्यांना कधी साधलाच नाही. मथुरेचा दीर दुष्ट, तो तिला छळणार, असं आमचं ठरलं होतं. काकांनी त्याला दुष्ट केलाही, पण सहाव्या प्रकरणात त्याची दाढ दुखू लागली. का, तर त्या दिवशी काकांची स्वतःची दुखत होती. झालं! पुढची दोन प्रकरणं हा दुष्ट मनुष्य गालाला लवंगेचं तेल लावून कोपऱ्यात बसला. "अहो, तो खलनायक आहे!" मी ओरडलो. "असेल," काका म्हणाले, "पण दाढ ठणकत असताना माणसाच्या हातून दुष्टपणा होत नाही. जरा उतरू दे, मग छळील." ती उतरली तोवर त्याची आई आजारी पडली. नवव्या प्रकरणापर्यंत त्या गृहस्थावर एवढी संकटं कोसळली होती की उतरवताना मलाच त्याची कणव येऊ लागली.

आणि संवाद! बायकांचं बोलणं खरं उतरलं पाहिजे असा काकांचा हट्ट, आणि त्यांच्या ऐकण्यातली बाई म्हणजे एक मावशी. मग मथुरेला राग यायचा असेल त्या दिवशी काका मावशीला मुद्दाम चिडवायचे. आमटीत मीठ नाही म्हणायचे, माहेरच्यांचा विषय काढायचे. मावशी तशी गरीब, पण माहेरचं नाव काढलं की चुलीवरचं दूध उतू जावं तशी उसळायची. "जन्म गेला या घरात, एक दिवस कुणी बरं म्हटलं असेल तर शपथ! माझ्या बापानं काय घोडं मारलं होतं तुमचं?" तिनं असं काही म्हटलं की काका बोरू सरसावून, "थांब थांब, घोडं मारलं, त्याच्या आधी काय म्हणालीस? पुन्हा म्हण, सावकाश." मावशी थक्क होऊन बघत राहायची, मग लाटणं आपटून आत निघून जायची. मथुरेवर तिचा राग होता तो यामुळे. तिचं नावसुद्धा ती घेत नसे. "तुमची ती नांदगावकरीण," म्हणायची. "सवत परवडली. सवत निदान भांडी तरी घाशील." दुपारी मी काकांना उतरवलेला भाग वाचून दाखवायचो तेव्हा ती आमच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायची. मला नाही ऐकायचं, असं बजावून बसायची. पण मी एकदा पाहिलं, तासाभराच्या वाचनात सुपातला एक खडा काही बाहेर पडला नव्हता.

मथुरा सासरहून नाशिकला येते त्या प्रकरणासाठी काका नाशिकरोड स्टेशनावरून टांगा करून पंचवटीपर्यंत आले ते डोळे मिटून. मथुरा पदरात तोंड लपवून रडत आली होती ना, मग तिला रस्ता दिसणार कसा? तिला काय काय ऐकू येतं ते पाहायचं होतं. टांगेवाला ओळखीचा, त्याला वाटलं भटजींना घेरी आली. "महाराज, डोळं तरी उघडा," तो म्हणाला म्हणे, "टांगा उलटला तर कुठं पडलो ते तरी दिसंल!" काकांनी ते वाक्य तसंच्या तसं प्रकरणात घातलं, आणि खरं सांगतो, सबंध कादंबरीत टांगेवाल्याइतकं जिवंत बोलणारं माणूस मला दुसरं सापडलं नाही.

आता त्या सुतकाची गोष्ट. मथुरेचा नवरा, गोपाळ त्याचं नाव, अकराव्या प्रकरणात तापानं गेला. सकाळी अकराचा सुमार असेल. काका वही मिटून उठले ते तडक कुंडावर, आणि धोतर-उपरण्यासकट तीन बुड्या. घाटावरची मंडळी धावली, "कोण गेलं हो?" काका नाक पुसत म्हणाले, "गोपाळ." ओल्या धोतरानं दारात आले तेव्हा मावशीच्या हातातला तांब्या पडला. "अगं बाई, कुठला गोपाळ?" "तिचा नवरा. चांगला मुलगा होता." मावशीनं जे तोंड सोडलं ते मी इथं लिहीत नाही. काका मात्र गंभीर. गोत्रातलं नाही म्हणून दहा दिवसांचं काही नाही, नुसतं स्नान, असा त्यांनी शास्त्रार्थही काढला होता. पुढं आठवडाभरानं एका गुजराथी यजमानाच्या वडिलांचं श्राद्ध चालवताना यांच्या तोंडून संकल्पात नाव गेलं ते गोपाळचं. यजमानाच्या लक्षात आलं नाही, पण शेजारच्या छत्रीखाली थोरले काका बसले होते, त्यांच्या आलं. "कुणाला पिंड देतोस रे?" ते खेकसले. काका पुटपुटले, "त्याला तरी दुसरं कोण देणार, दादा?" मग त्यांनी सबंध विधी पहिल्यापासून पुन्हा केला आणि त्या गुजराथ्याला दुपारचे दोन वाजेपर्यंत उपाशी ठेवलं.

असं करत करत दोन वर्षांनी कादंबरी पुरी झाली. सोळा प्रकरणं. थोडक्यात हकिकत अशी: मथुरा बाराव्या वर्षी विधवा होते, केशवपनासाठी तिला नाशकाला आणतात, ती पाटावरून उठते आणि नाही म्हणते. दीर, सासरा, भटजी सगळे एकीकडे, ही एवढीशी पोर दुसरीकडे. ती नाशकातच राहते, शिकते, पुढं मुलींची मास्तरीण होते आणि शेवटच्या पानावर शाळेचं दार उघडते. बस्स. मी सगळं उतरवून, बाड बांधून पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवलं. त्या दिवसांत काका टपालवाल्याची वाट बघत दारातच संध्या करायचे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर आपलं नाव कसं दिसेल ते त्यांनी पाटीवर पंधरा तऱ्हांनी लिहून पाहिलं होतं. थट्टा नाही, त्या माणसाला आपलं पुस्तक छापून हवं होतं, लहान मुलाला जत्रेतला भोवरा हवा असतो तसं हवं होतं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. पत्र तसं सभ्य होतं. पहिली तीन प्रकरणं काढावीत, भाषा बरी आहे, विषय वाचकांच्या आवडीचा आहे. मात्र अखेर बदलावी. विधवेनं असं सुखात राहिलेलं वाचकांना रुचत नाही. मथुरेनं शेवटी गंगेत देह टाकला तर करुणरस साधेल, बायका रडतील, आणि पुस्तक आपण जरूर छापू. मी पत्र वाचून दाखवलं. तीन प्रकरणं काढायला काका एका दमात तयार झाले, सात पिढ्यांवर पाणी सोडलं. पण शेवटच्या मागणीशी ते अडले. आणि खोटं कशाला बोलू, त्यांनी प्रयत्न केला. आठ दिवस बोरू घेऊन बसले. एके दिवशी मला घेऊन कुंडावर गेले, धोतर वर खोचून पाण्यात उतरले, इकडून तिकडे चालून आले आणि म्हणाले, "मांडीपर्यंत पाणी. इथं कोण बुडतंय? पाय घसरून पडली तर चार बाया हाताला धरून वर काढतील." मी म्हटलं, "काका, पावसाळ्यात बुडवा. पूर आणा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली.

त्या दुपारी घरी ओसरीवर बसून त्यांनी मला एकदाच सांगितलं. ते तेव्हा विशीत होते, वडिलांच्या हाताखाली नवेनवे गंगेवर बसू लागले होते. अशीच एक पोर आणली होती, अकरा वर्षांची. न्हावी आपलं काम करत होता आणि ती खाली पडणाऱ्या केसांकडे बघत होती. रडत नव्हती. मधेच तिनं काकांना विचारलं, "भटजी, परत येतील ना हो?" "आणि मी हो म्हटलं," काका म्हणाले. "दुसरं काय म्हणणार? मंत्र म्हणत होतो ना! तिच्या बापाचं नाव वहीत आहे, आजाचं आहे, त्याच्या बापाचं आहे. तिचं नाही. बायकांची नावं आम्ही लिहीत नाही. मी नंतर वही पुन्हापुन्हा उघडून पाहिली, मला तिचं नावसुद्धा ठाऊक नाही रे." आत मावशीच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याला उत्तर धाडलं. मीच ते बालबोधीत उतरवलं म्हणून मला पाठ आहे: "आपले पत्र पावले. पंचवीस वर्षे मी लोकांच्या मेलेल्या माणसांची नावे लिहीत आलो, त्याबद्दल कोणी कधी नापसंती दाखवली नाही. एक बाई जिवंत लिहिली तर आपल्याला ती बघवत नाही, याचे नवल वाटते. मथुरा मरणार नाही. बाड परत पाठवावे." मी म्हटलं, जरा सौम्य करू या का? काका म्हणाले, "सौम्यच आहे. तिखट मी मनात ठेवलंय." बाड परत आलं. त्यांनी ते लाल फडक्यात बांधून फडताळात ठेवलं. जेवताना दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मावशीनं न विचारता त्यांच्या पानात पुरणपोळी वाढली, सण नाही वार नाही. तेव्हा कुठं ते "तूप?" असं एक अक्षर बोलले.

हे इथंच संपायचं, पण काकांनी आधीच एक उपद्व्याप करून ठेवला होता आणि तो कुणालाच ठाऊक नव्हता. मथुरेच्या सात पिढ्या तयार झाल्या तेव्हा त्या ठेवायच्या कुठं, असा प्रश्न त्यांना पडला होता. नांदगावचे कुलकर्णी म्हटल्यावर त्यांची जागा कुठं? नांदगावच्या पानावर! त्यांनी घरच्या खऱ्या नामावळीत, नांदगावच्या कोऱ्या पानावर सबंध कुटुंब लिहून टाकलं, आणि पुढं कादंबरी जसजशी सरकली तसतशी मथुरेच्या नावापुढं भर घालत गेले. आणि नांदगावात दर दुसऱ्या कुलकर्ण्याचे आजोबा रामचंद्र आणि वडील गोविंद. व्हायचं तेच झालं. एक दिवस नांदगावचे खरेखुरे कुलकर्णी आले, पन्नाशीचे गृहस्थ, बरोबर त्यांची म्हातारी आई. काका पेठच्या यजमानांकडे गेले होते. थोरल्या काकांनी वही काढली, पान शोधलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचायला लागले: "आजोबा रामचंद्रपंत. त्यांचे पुत्र विष्णू आणि गोविंद. कन्या मथुरा. बालविधवा. केशवपन केले नाही. नाशकास वास्तव्य, मुलींची मास्तरीण. हयात." आणि खाली सही, वेड्यावाकड्या अक्षरात, 'दस्तुरखुद्द मथुरा'. ती काकांनी डाव्या हातानं केली होती, कारण सही केली तेव्हा कादंबरीत ती नुकतीच लिहायला शिकली होती!

गृहस्थ असे लालबुंद झाले की विचारू नका. "आमच्या घराण्यात असली आत्या कुणी झाली नाही! पान फाडा ते!" पण म्हातारी मात्र विचारात पडली. तीही केशवपन केलेली विधवा, लाल आलवण नेसलेली, पदर कपाळापर्यंत ओढलेला. "असेल हो," ती हळूच म्हणाली, "मी नऊ वर्षांची त्या घरात आले, मला कोण काय सांगणार? तरीच सासूबाई संक्रांत आली की डोळे पुसायच्या. हयात आहे म्हणता, मग भेटवा की मला माझी नणंद." थोरल्या काकांना घाम फुटला. त्यांनी सगळ्यांना आमच्या घरी आणलं आणि काका परत येईपर्यंत ओसरीवर येरझारा घातल्या.

काका आले. त्यांना एका क्षणात सगळं कळलं. मला वाटलं आता हे काहीतरी थाप मारतील. त्यांनी मारली नाही. म्हातारीसमोर बसले आणि म्हणाले, "आई, ती खरी नाही. माझ्या कादंबरीतली आहे. चूक माझी." मुलगा पुन्हा उसळला, पण म्हातारीनं त्याला हातानं गप्प केलं. तिला कादंबरी म्हणजे काय ते नीट कळलं होतं की नाही कोण जाणे. तिनं एवढंच विचारलं, "तिनं केस ठेवले?" "ठेवले." "कुणी काही बोललं नाही?" "सगळे बोलले. तिनं ऐकलं नाही." म्हातारी बराच वेळ डोक्यावरचा पदर सारखा करत बसली. "बरं केलंन्," ती म्हणाली. मग मुलाला म्हणाली, "राहू दे रे ते नाव. आपलं काय खातंय?" स्वयंपाकघराच्या दाराआड मावशी उभी होती, ती तशीच उभी राहिली.

पाहुणे गेल्यावर थोरल्या काकांचा बांध फुटला. "आधीच तिकडं मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहानं गाव पेटलंय, लोक आपल्याकडे डोळे लावून बसलेत, आणि तू वडिलांच्या वहीत खोट्या बायका भरतोस? खोड ते नाव!" काका म्हणाले, "दादा, वहीत चढलेलं नाव खोडत नाहीत. तुम्हीच शिकवलंत." आणि ते खरंच होतं, नामावळीतलं नाव कधीही खोडत नाहीत, माणूस गेलं की पुढं कैलासवासी लिहितात, एवढंच. थोरले काका अडले. मग म्हणाले, "ठीक आहे. पुढं मृत्यू लिही. काहीही साल घाल, मिटव हे प्रकरण." म्हणजे पुन्हा तेच! पुण्याचा एक झाला, आता घरचा दुसरा. काका उठून उभे राहिले. मोठ्या भावासमोर त्यांचा आवाज चढलेला मी तोवर ऐकला नव्हता. "नाही लिहिणार. सगळ्यांना ती मेलेलीच का हवी? तिनं कुणाचं काय वाईट केलंय? मी बसलोय तोवर तिच्या नावापुढं हयातच राहील, आणि तुम्ही ते पान फाडलंत तर मी दुसऱ्यावर लिहीन!" थोरले काका म्हणाले, "मग उद्यापासून वहीला हात लावायचा नाही आणि गंगेवर बसायचं नाही." काका "बरं" म्हणाले, पागोटं काढून खुंटीला लावलं आणि पुन्हा कधी ते घालून घाटावर गेले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुसरी कादंबरी सुरू केली. तिच्यात मथुरेच्या शाळेतल्या एका मुलीचे पणजोबा होते.

ती पणजोबांच्या लग्नापाशीच राहिली. चार वर्षांनी थंडीच्या दिवसांत काकांना न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात आटोपलं. मी त्या वेळी बदलीच्या गावी होतो, आलो तो तिसऱ्या दिवशी. दहावा दिवस उजाडला. क्रियाकर्म थोरले काकाच बघत होते, रडत रडत बघत होते, त्यात काही खोट नव्हती. भावावर त्यांचा जीव होता. आणि त्यांच्या घराच्या रीतीप्रमाणे त्यांनी न्हाव्याला बोलावलं होतं. तो ओसरीच्या पायरीवर येऊन बसला. पाट मांडला होता. मावशीला बाहेर आणा, असं थोरल्या काकांनी बायकांना सांगितलं. मी एकोणतीस वर्षांचा, शिकलेला, चार वर्गांना शिकवणारा मास्तर, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मला अजून त्याची शरम वाटते.

मावशी स्वतःच बाहेर आली. लग्न होऊन आल्यापासून ती या दिरासमोर कधी दाराच्या बाहेर उभी राहून बोलली नव्हती. त्या दिवशी पाटाशी येऊन उभी राहिली. "भाऊजी, त्याला परत पाठवा." थोरले काका चमकले. "अगं, रीत आहे..." "ठाऊक आहे मला रीत. यांनी त्या पोरीसाठी पुण्याच्या माणसाला नाही म्हटलं, तुम्हांला नाही म्हटलं, पागोटं उतरवून घरात बसले. पुस्तक हवं होतं हो त्यांना, किती हवं होतं ते मला विचारा. आता मी या पाटावर बसले तर ते सगळं कशापायी? मी नाही बसायची." ती तिथून हलली नाही. बायका कुजबुजल्या. थोरल्या काकांनी मान खाली घातली आणि न्हाव्याला हातानं जायची खूण केली. मावशी आत गेली आणि मग इतकी रडली की तिला सावरायला तिघीजणी लागल्या.

पुढं तेरा वर्षं मावशी पंचवटीत त्याच घरात राहिली, काळ्याचे पांढरे झालेले आपले केस रोज विंचरून. सुरुवातीला लोक बोलले, हळदीकुंकवाच्या बायकांनी वाट बदलली, मग सवय झाली. मी सुटीत गेलो की जेवण झाल्यावर ती लाल फडकं सोडून बाड माझ्यापुढं ठेवायची. कुठून वाचू विचारलं तर म्हणायची, "पहिल्यापासून वाच. तिच्या पणजोबांपासून. मला कुठं जायचंय?" तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. मी वाचायचो, ती भिंतीला टेकून ऐकायची, आणि एखाद्या ठिकाणी हसून म्हणायची, "हे माझं वाक्य आहे बरं का. त्या दिवशी मी चिडले होते तेव्हाचं." आज ती नाही. ते बाड माझ्याकडे आहे, पुन्हा कुणा प्रकाशकाकडे मी ते पाठवलं नाही. कोणी खोचकपणे विचारतं, तुमच्या काकांची कादंबरी शेवटी किती लोकांनी वाचली हो? मी सांगतो, कुणीच नाही. एका बाईनं ऐकली.